जनतेच्या जमिनीवर मॉलचा डोळा

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूर विकास प्राधिकरणाने सार्वजनिक जमिनीवर वसाहतींसाठी व्यापारी संकुले उभारली. त्यांपैकी कोरमंगला, इंदिरानगर आदी सात संकुले खासगी भागीदारीतून पाडून नव्याने बांधण्याची योजना त्याच प्राधिकरणाने आखली. सबब अशी की, इमारती जीर्ण झाल्या आणि वाहनांना जागा उरली नाही! परंतु या शहरात १ कोटीहून अधिक वाहनांची नोंद झाली, ती कोणामुळे? इडली-डोसा विकणाऱ्या खानावळवाल्यामुळे, की बससेवेची उपेक्षा करणाऱ्या धोरणामुळे? मॉलचे भाडे त्या खानावळवाल्याला झेपणार नाही, आणि मॉलमधील जेवण कामगाराला परवडणार नाही. दुरुस्ती प्राधिकरणानेच करावी, बसगाड्या सरकारने वाढवाव्यात. जनतेची जमीन नफेखोरांच्या घशात घालण्याचा डाव दुकानदार, कामगार व रहिवासी यांच्या एकजुटीनेच हाणून पाडला पाहिजे.