पेटीतल्या ऐवजाचा फोटो काढून ठेवा



चोरी म्हटली की डोळ्यांपुढे फोडलेले कुलूप येते. आमच्या परभणीच्या वस्तीत मागच्या वर्षी जी चोरी झाली, तीत कुलूप मालकिणीनेच उघडून दिले. मोटारसायकलवर एक तरुण आला. जुनी नाणी, जुने फोटो, जुनी वर्तमानपत्रे आहेत का, असे घरोघर विचारीत होता. आमच्या एका मावशीच्या पेटीत सासऱ्यांनी जपलेला 'जनता'च्या अंकांचा गठ्ठा होता. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, पेपर मिळायची मारामार, तरी त्या माणसाने एकेक अंक राखला. "झेरॉक्स काढून संध्याकाळी आणून देतो," म्हणून तो तरुण गठ्ठा घेऊन गेला, तो गेलाच.

"जयभीम घातला रे त्यानं मला. आपलाच म्हणून दिला," एवढेच मावशी म्हणत राहिल्या.

तक्रार अर्ज आम्हीच लिहायला बसलो. वीस वर्षे कारकुनी केली, पण 'मालाचे वर्णन' या ठिकाणी हात थांबला. अंक किती? ठाऊक नाही. कोणत्या तारखांचे? ठाऊक नाही. काही खूण? मावशींचा मुलगा म्हणाला, "पिवळे पडले होते." पिवळे पडलेले अंक तर जुन्या पुस्तकांच्या प्रत्येक दुकानात असतात. उद्या तो गठ्ठा एखाद्या दुकानात दिसला तरी हा आमचाच, असे कशावरून सांगणार? दोष आमचाही आहे. १४ एप्रिलला विहारात मांडणी असायची तेव्हा तो गठ्ठा आम्ही तीनदा हाताळला. एकदाही कागद-पेन घेऊन यादी केली नाही.

यादी आणि फोटो असला की काय होते, ते नालंदाच्या बुद्धमूर्तीने दाखवून दिले आहे. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बिहारमधील नालंदा येथील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून १४ मूर्ती चोरीस गेल्या. त्यांत बाराव्या शतकातील, चांदीचे जडावकाम असलेली भूमिस्पर्श मुद्रेतील एक बुद्धमूर्ती होती. ती एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली. मार्च २०१८ मध्ये नेदरलँड्समधील मास्त्रिख्ट येथे भरलेल्या कलावस्तूंच्या बाजारात ती मांडलेली दिसली. चोरीच्या कलावस्तूंचा माग काढणाऱ्या लिंडा अल्बर्टसन आणि 'इंडिया प्राइड प्रोजेक्ट'चे एस. विजय कुमार यांनी ती ओळखली. कशावरून? खात्याकडे तिचे जुने फोटो होते, त्यांच्याशी ताडून. आताच्या मालकाचा चोरीशी संबंध नव्हता. पुरावा पाहून त्याने व व्यापाऱ्याने मूर्ती परत द्यायचे मान्य केले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनच्या पोलिसांनी ती भारतीय उच्चायुक्तांच्या हवाली केली. ५७ वर्षांनी!

आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात जांब समर्थच्या मंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या मूर्ती गेल्या, त्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी शोधून आणल्या. त्या मूर्ती गावाच्या रोजच्या पाहण्यातल्या. आपल्या पेटीतली वस्तू मात्र घरच्यांखेरीज कुणी पाहिलेलीच नसते.

कायदा थोडक्यात सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू आणि ऐतिहासिक मोलाची पंचाहत्तर वर्षांची हस्तलिखिते-कागदपत्रे पुरावस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. जुने शिल्प किंवा चित्र घरात असेल तर त्याची नोंदणी करावी लागते, आणि त्या अर्जालाही फोटो जोडावे लागतात. चोरीचा माल माहीत असून घेणाराही गुन्हेगारच. पूर्वीचे ४११ कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१७ झाले आहे.

म्हणून भगिनींना विशेष सांगणे, कारण पेटीच्या किल्ल्या तुमच्याकडे असतात. जगभरची संग्रहालये आणि पोलीस 'ऑब्जेक्ट आयडी' नावाचा एक नमुना वापरतात. तो काही अवघड नाही. वस्तूशेजारी शाळेची पट्टी ठेवून पुढून-मागून फोटो काढावा. ती कशाची आहे, माप किती, वर काय लिहिले आहे, हे टिपावे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तिच्यातले व्यंग लिहावे. घंगाळाला पोचा कुठे आहे, फोटोचा कोणता कोपरा फाटला आहे, अंकावर कुणाची सही आहे. आपण व्यंग लपवतो, पण वस्तू ओळखू येते ती त्यावरूनच. एक प्रत घरी, एक नातेवाइकाकडे ठेवावी. ते फोटो व्हॉट्सॲपवर गावभर फिरवू नयेत. चोराला पत्ता देण्यासारखेच ते. प्रदर्शनासाठी कुणी वस्तू मागितली, तर यादीवर सही आणि फोन नंबर घेतल्याशिवाय देऊ नये, मग मागणारा आमच्यासारखा कार्यकर्ता का असेना.

जमवणारे सगळेच लबाड नसतात, हेही सांगितले पाहिजे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघालेल्या हजारो वस्तू जपल्या, आणि आज त्यांच्याच नावाचे सरकारी संग्रहालय तेथे उभे आहे. कुणीही जाऊन पाहावे. मोटारसायकलवरून नेलेला गठ्ठा कुठे पाहायला जायचे?

गेल्या रविवारपासून वस्तीतल्या कॉलेजच्या मुलामुलींनी घरोघर जाऊन फोटो काढायला सुरुवात केली आहे. पहिले घर मावशींचे. पेटीत आता सासऱ्यांचा चष्मा आणि चारमिनारच्या छापाचा निजामी रुपया एवढेच उरले आहे. पोरीने रुपयाचा फोटो काढला, तर मावशींनी विचारले, "दोन्ही बाजूंनी काढलास ना, बाई?"