चिन्ह परके, नाव घरचे

विरामचिन्हांचा विषय निघाला की आपल्या प्राध्यापकवर्गात एक ठरलेले वाक्य कानी पडते : "ती मुळात इंग्रजांची; त्यांच्यासाठी आपण काय एवढे भांडायचे?" मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात ती मराठी गद्यात रुजवली, हा इतिहास सर्वांस ठाऊक असतो, आणि तो एकदा सांगितला की विषय संपला असे मानले जाते. जे बाहेरून आले त्याचे नियम आपण कशाला करायचे, फार तर ते मुद्रितशोधकाने पाहावेत, असा या म्हणण्याचा मथितार्थ. आम्हांस तो मान्य नाही. का मान्य नाही हे सांगण्यासाठी आम्ही मराठीचे नव्हे, तर कोरियन भाषेचे उदाहरण घेत आहोत. तिथेही चिन्हे बाहेरूनच आली. पुढची कथा मात्र निराळी झाली.

जुने कोरियन लेखन सलग असे. शब्दांमध्ये अंतर नाही, वाक्याअखेर ठिपका नाही. मोडी वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये. सलग लिहिण्याचा धोका कोरियन शाळकरी मुलांना आजही एका विनोदी वाक्याने शिकवतात : 'आबोजी-गा बाङ-ए' म्हणजे वडील खोलीत जातात, तीच अक्षरे 'आबोजी गाबाङ-ए' अशी तोडली तर वडील पिशवीत जातात. १८९६ साली निघालेल्या 'तोङनिप शिनमुन' या वृत्तपत्राने शब्द सुटे छापण्याचा पायंडा पाडला. विरामचिन्हे त्याच सुमारास पाश्चात्त्य आणि जपानी मुद्रणातून येऊ लागली. १९३३ साली कोरियन भाषा-संस्थेने लेखनाचे एकत्रित नियम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या परिशिष्टात या चिन्हांना जागा देण्यात आली.

हे १९३३ साल विसरता कामा नये. देश जपानच्या ताब्यात होता. १९४२ पासून याच संस्थेच्या सदस्यांची धरपकड झाली आणि त्यांपैकी दोघांचा तुरुंगातच अंत झाला. जप्त झालेली शब्दकोशाची हस्तलिखिते १९४५ साली सोल स्थानकाच्या गोदामात सापडली. स्वल्पविराम कोठे द्यावा याचा विचार अशा काळात अशी माणसे करीत होती. ज्यांना विरामचिन्हांची चर्चा निवांत लोकांचा उद्योग वाटते, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

आता नावांकडे वळू. कोरियनमध्ये पूर्णविरामाला 'माछिम्प्यो' म्हणतात. 'माछिदा' म्हणजे संपवणे आणि 'प्यो' म्हणजे खूण. म्हणून ही संपल्याची खूण. स्वल्पविराम म्हणजे 'श्विम्प्यो', विसाव्याची खूण. प्रश्नचिन्ह 'मुरुम्प्यो', विचारण्याची खूण. उद्गारचिन्ह 'नुक्किम्प्यो', म्हणजे वाटण्याची, भावनेची खूण. सर्वांत सुरेख नाव अवतरणचिन्हाचे : 'त्ताओम्प्यो'. फळ किंवा फूल तोडण्याचे जे क्रियापद, त्यालाच 'येणे' जोडून 'तोडून आणणे' असे क्रियापद होते. त्यावरून ही तोडून आणल्याची खूण. दुसऱ्याच्या बागेतले आहे याची कबुली त्या नावातच आहे. उद्धरणाचा सारा नीतिधर्म एवढ्या एका नावाने मुलाला कळतो. यातला 'प्यो' मूळचा चिनी आहे, म्हणजे ही शुद्धीची सनातनी मोहीमही नव्हे. रोजच्या बोलण्यातले क्रियापद घेतले, त्याला जुना रुळलेला प्रत्यय लावला, आणि परक्या चिन्हाला घरचे नाव मिळाले.

परंतु हा मार्ग सरळ नव्हता. १९८८ च्या नियमांत पूर्णविरामाचे अधिकृत नाव 'ओन्जॉम' म्हणजे अखंड ठिपका, आणि स्वल्पविरामाचे 'बान्जॉम' म्हणजे अर्धा ठिपका असे होते. 'माछिम्प्यो' हे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह या तिघांचे मिळून वर्गनाव. उभ्या लेखनासाठी आणखी दोन नावे निराळी. कागदावर व्यवस्था देखणी होती. अडचण एवढीच, की लोक तसे बोलत नव्हते. एखादी गोष्ट संपवणे याला आपण 'पूर्णविराम देणे' म्हणतो, तसाच कोरियन वाक्प्रचार आहे, आणि त्यात शब्द येतो तो 'माछिम्प्यो'. 'बान्जॉम'चे तर काय सांगावे? त्याच उच्चाराचा एक शब्द अंगावरच्या डागाला आहे आणि दुसरा चिनी खाणावळींच्या पाट्यांवर दिसतो.

२७ ऑक्टोबर २०१४ रोजी दक्षिण कोरियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने सुधारित नियम जाहीर केले. ते १ जानेवारी २०१५ पासून लागू झाले. लोकांच्या तोंडची 'माछिम्प्यो' आणि 'श्विम्प्यो' ही नावे अधिकृत झाली, जुन्या नावांनाही मुभा राहिली, आणि उभ्या लेखनाची चिन्हे नियमांतून गेली. लोपदर्शक ठिपके पूर्वी ओळीच्या मध्यउंचीवर सहा द्यावे लागत. संगणकाच्या कळफलकावर लोक तळाशी तीन टिंबे देऊन मोकळे होत. आता सहा हे तत्त्व राहिले. तीनही चालतात, आणि तळाशीही चालतात. १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्यचळवळीचे नाव अंकांत लिहिताना ३ आणि १ यांच्यामध्ये पूर्वी मध्यबिंदू लागे. आता पूर्णविराम हे तत्त्व आणि मध्यबिंदू ही मुभा.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो आपल्याकडील शिस्तप्रिय मंडळी तत्काळ घेतील : कळफलकावर सापडत नाही म्हणून नियम बदलायचा, तर नियम हवाच कशाला? हा आक्षेप वरवर भारदस्त आहे. एक गोष्ट आम्ही मान्य करतो. तिन्ही अंत्यचिन्हांना मिळून जे वर्गनाव होते ते या फेरबदलात हरवले, आणि ते उपयोगाचे होते. परंतु बाकीचा आक्षेप फोल आहे. कोरियन नियम दोन पायऱ्यांचा असतो. आधी तत्त्व सांगायचे, मग मुभा सांगायची. मुभा म्हणजे अनागोंदी नव्हे; कोठवर सूट आहे हेही लिहूनच ठेवलेले असते. जिथे सूट नाही तिथे नियम पुरेसा कडक आहे. दिनांक अंकांत लिहायचा तर '२०१४. १०. २७.' असा, शेवटच्या ठिपक्यासह. कारण पहिला ठिपका 'वर्ष' या शब्दाच्या जागी, दुसरा 'महिना'च्या आणि तिसरा 'दिवस'च्या जागी उभा आहे. तिसरा गाळला तर दिवस हा शब्दच गाळला. नियमामागचे कारण असे सांगता आले म्हणजे तो पाठ करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तापूर्ण असतो : कोरियन वाक्याचा शेवट क्रियापदाच्या प्रत्ययानेच कळतो, मग चिन्हे हवीत कशाला? औपचारिक भाषेपुरते हे खरे आहे. तिथे विधानाचा प्रत्यय वेगळा आणि प्रश्नाचा वेगळा. परंतु घरगुती बोलीत 'जेवलास' आणि 'जेवलास?' यांचा प्रत्यय एकच. बोलताना सूर फरक करतो, कागदावर तो फरक एकट्या प्रश्नचिन्हाला करावा लागतो. मराठीतले 'तो आला.' आणि 'तो आला?' आठवावे. याउलट जिथे प्रत्यय खरोखरच पुरेसे आहेत तिथे कोरियनांनी चिन्ह नाकारण्याचे धैर्यही दाखवले. वाक्ये जोडणारे प्रत्यय त्या भाषेत इतके समर्थ आहेत की अर्धविरामाला अधिकृत नियमांत स्थानच नाही. आपण मात्र अर्धविरामाची व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतो. तो कोठे वाचून अडतो, हे शिकवत नाही.

चिन्ह स्वयंभू नसते, समाजाने त्याविषयी करार करावा लागतो, याचा दाखला त्याच भाषेत आहे. दुहेरी कोनी कंस 《 》 दक्षिणेत ग्रंथनामासाठी येतात. उत्तर कोरियात तेच कंस अवतरणचिन्हे आहेत. भाषा एक, चिन्ह एक. सीमा ओलांडली की ग्रंथाचे नाव कुणाचे तरी बोलणे होते. 'वाचणारा समजून घेईल' असे म्हणून हा विषय सोडून देणाऱ्यांनी एकदा या कंसांकडे पाहावे.

आता आपल्या घरात डोकावू. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांत, १९६२ च्या चौदा आणि १९७२ च्या चार अशा मिळून अठरांत, अनुस्वार आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहेत. विरामचिन्हांविषयी एकही नियम नाही. आम्ही उत्तरपत्रिका तपासतो तेव्हा वेलांटी चुकली की गुण कापतो. अवतरणचिन्हाविना उचललेला परिच्छेद मात्र पुष्कळदा नजरेतून सुटतो. ही तक्रार आम्ही विद्यार्थ्यांविरुद्ध करीत नाही. ती आमच्याविरुद्धच आहे, कारण ते चिन्ह म्हणजे नेमके काय हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नाही. 'अवतरण' या शब्दातून विद्यार्थ्याला काही उमगत नसेल, तर निदान त्याचा अर्थ उलगडून सांगण्याचे कष्ट शिक्षकाने घ्यायला हवेत.

आमचा आग्रह नावे बदलण्याचा नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम ही नावे लोकांच्या तोंडी रुळली आहेत, आणि लोकांच्या तोंडचे नाव टिकवावे हाच कोरियन अनुभवाचा धडा आहे. आमचा आग्रह एवढाच, की तत्त्व कोणते आणि मुभा कोणती हे ठरवून, कारणासह, एका जागी लिहिले जावे. कँडींनी चिन्हे दिली. ती आपली करून घेण्याचे काम कँडींचे नव्हते. ते आपले होते, आणि ते अजून व्हायचे आहे.