ठरलेलं लिहून घ्या

महाळुंगेत कारखान्याचा पगार ठरल्या तारखेला जमा होतो. अशा घरातला मुलगा वाहिनीची नोकरी सोडून स्वतंत्र चित्रीकरण करायचं म्हणतो, तेव्हा आईवडील धास्तावतातच. त्याला अडवा, असं आम्ही म्हणणार नाही. पी. साईनाथ यांनीही १९९३ मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक सोडून गरीब जिल्हे पालथे घातले. मात्र हाती शिष्यवृत्ती होती. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही नबी (सल्ल.) यांची शिकवण आपण जाणतोच.

नोकरीत नेमणूकपत्र मिळतं. स्वतंत्र कामात कागद आपणच करायचा. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. म्हणून काम, रक्कम, आगाऊ पैसे आणि उरलेल्या पैशांची तारीख लिहून घ्या. काम मामूंच्या घरच्या निकाहचं असलं तरीही. संकोच घडीभराचा असतो, बुडालेल्या पैशांची कटुता वर्षानुवर्षं राहते.