गोंडीला युनिकोड मिळालं, वर्ग नाही

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीविरुद्ध महाराष्ट्र पेटला, तेव्हा मीही स्टेटस ठेवलं होतं: मूल आधी आईच्या भाषेत शिकतं. 29 जूनला सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले. आपण जिंकलो. पण त्याच रात्री मला मोहगाव आठवलं आणि त्या स्टेटसची लाज वाटली.

मोहगाव गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण खात्याने ती अनधिकृत ठरवली आणि गावाला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे जावं लागलं. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, असं राज्यघटनेचं कलम 350-क सांगतं. बेळगावच्या मराठी मुलांसाठी आपण हाच हक्क मागतो. मग मोहगावच्या पोरांनी काय घोडं मारलंय?

मी चंद्रपूरचा गोंड, पुण्यात कोड लिहितो. आजी गोंडीत बोलायची. बाबांना सगळं कळतं, पण ते उत्तर मराठीत देतात. मला वीस-पंचवीस शब्द येतात. बंदी कुणीच घातली नव्हती. बाबांनी पहिलीत पाणी मागताना ‘येर’ म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला, एवढंच. आपल्या पोरावर कुणी हसू नये, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं असावं. त्यामुळे ‘तरुणांनाच गोंडी नको आहे’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. जे हातात दिलंच नाही, ते आम्ही नाकारलं कधी?

म्हणे बोलणारे कमी. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे 29.8 लाख होते, बोडो सांगणारे 14.8 लाख. बोडो 2003 मध्ये आठव्या अनुसूचीत गेली, गोंडी अजून बाहेरच. भाषावार प्रांतरचनेत गोंड माणूस अनेक राज्यांत वाटला गेला आणि प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य ठरला.

म्हणे लिपी नाही. मसराम गोंडी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाला गोंडी 2018 मध्ये. शिवाय देवनागरी आहेच. अडचण तांत्रिक असती तर आम्हा इंजिनिअरांनी कधीच सोडवली असती.

राहिला नोकरीचा प्रश्न. मराठी आणि इंग्रजी हवीच, त्यांच्यावरच माझं पोट चालतं. पण भामरागड-एटापल्लीतलं सहा वर्षांचं पोर बाईंचं बोलणंच न कळता वर्गात बसलं, तर ते मराठीही शिकत नाही, फक्त गप्प बसायला शिकतं. हिंदीविरुद्ध आपण हेच सांगत होतो ना?

मागणी मोठी नाही. गोंडी-माडिया गावांत पहिली ते तिसरीला ती भाषा येणारा शिक्षक द्या. मोहगावच्या शाळेला मान्यता द्या.

स्टेटस मी डिलीट केलं नाही. खाली दोनच शब्द जोडले: मोहगावातलंसुद्धा मूल.