तबकड्यांचे कपाट

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट झळकला. तो पाहण्यास लोकांची झुंबड उडाली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळी चित्रफिती जपण्याचे महत्त्व फारसे कोणास वाटले नाही; कित्येक फिती तर त्यांतील चांदीसाठी नष्ट करण्यात आल्या! पुढे १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि तेथे पी. के. नायर यांनी जुन्या फिती चिकाटीने गोळा केल्या.

आता इंटरनेटवरून घरबसल्या चित्रपट दिसतात. मग डीव्हीडीच्या तबकड्यांचे कपाट कशास हवे, असे पुष्कळांस वाटते. परंतु तेथील चित्रपट प्रेक्षकाच्या मालकीचा नसतो. कंपनीचा करार संपला की तो नाहीसा होतो. वर्गणी भरणाऱ्यास कोणी विचारीतही नाही. विकत घेतलेली तबकडी अशी कोणी काढून नेत नाही. तिच्यावर चरे पडतात, ती लावण्याचे यंत्रही आता घरोघरी नसते, हे खरे. तरीही एकच चित्रपट शंभर कपाटांत असला, तर त्यांतील एखादी तरी प्रत टिकण्याची आशा असते. म्हणून आजोबांच्या तबकड्या रद्दीत घालण्यापूर्वी घरच्यांनी त्या एकदा लावून पाहाव्यात.