खापर साखरेवर, औषध मात्र मोकळे

न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या रुग्णाची छाती अँटिबायोटिकने सुधारते आणि आठवडाभरात पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. त्यामागे काही वेळा ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’ हा जिवाणू असतो. अँटिबायोटिकने आतड्यातले उपकारक जिवाणू मेले, की त्याला मोकळे रान मिळते. २००३ च्या सुमारास या जिवाणूच्या ‘०२७’ नावाच्या वाणाने कॅनडातील क्विबेकच्या रुग्णालयांत अनेक बळी घेतले. पुढे ब्रिटनमध्येही तेच घडले.

२०१८ मध्ये ‘नेचर’मधील एका शोधनिबंधाने ट्रेहॅलोज या साखरेकडे बोट दाखवले. ही साखर आळिंबी, यीस्ट यांत निसर्गतःच असते. स्वस्तात बनू लागल्यावर ती तयार खाद्यपदार्थांतही आली. ती पचवणारे जनुक जिवाणू एरवी बंद ठेवतो. त्यावर एका प्रथिनाचा पहारा असतो. साखर पुरेशी आली की पहारा उठतो. ०२७ मध्ये या पहारेकऱ्यात एकच बारीक बदल झालेला आहे. त्यामुळे शेकडो पटींनी कमी साखरेतही जनुक चालू होते. ही साखर दिलेले, ०२७ ची लागण झालेले उंदीर अधिक संख्येने मेले. झाले, साखर गुन्हेगार ठरली!

पण हाच बदल १९८५ मध्ये पॅरिसला सापडलेल्या ०२७ मध्येही होता आणि तेव्हा साथ आली नव्हती. २०१९ मधील अभ्यासात साखरेबाबतचे असे जनुकीय बदल इतर अनेक वाणांतही आढळले. ते असलेल्या जिवाणूंमुळे रुग्ण अधिक दगावतात, असेही दिसले नाही. जनुकाची कळ सापडली म्हणजे साथीचे कारण सापडले, असे होत नाही.

साथ पसरवणाऱ्या ०२७ ने आणखी एक गोष्ट कमावली होती: सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातील औषधांना न जुमानणे. इंग्लंडमध्ये या औषधांचा वापर आटोक्यात आणला गेला, तेव्हा त्यांना दाद न देणारे वाण झपाट्याने घटले. साखरेची बातमी गाजली, ही तेवढी गाजली नाही. साखरेला दोष देणे सोपे असते; तिथे कोणाला लिहून दिलेली चिठ्ठी तपासावी लागत नाही. आपल्याकडे तर अनेकदा चिठ्ठीचीही गरज पडत नाही. पोट बिघडले की दुकानातून ‘सिप्रो’च्या दोन गोळ्या आणल्या जातात.

अँटिबायोटिकच्या काळात किंवा नंतरच्या काही आठवड्यांत वारंवार जुलाब झाले, तर जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये. डॉक्टरांकडे जाताना आधीच्या अँटिबायोटिकची पट्टी, रिकामी असली तरी, सोबत न्यावी.