कोयता घ्यावा हात पाहून



खंडेनवमीला आपण कोयता, कुऱ्हाड, विळा धुऊन-पुसून पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो. दसरा झाला की तीच हत्यारे घेऊन बांध, ओढे आणि पायवाटा मोकळ्या करायला निघतो. पण हेच हत्यार विकत घेताना आपण ते कितीसे पारखतो? बैल घ्यायचा तर दात पाहतो, चालवून पाहतो. कोयता मात्र चकचकीत दिसला की पिशवीत टाकतो. मग चार दिवसांत धार दुमडते, मूठ हलू लागते, आणि एखाद्या दिवशी पाते फांदीऐवजी नडगीवर बसते.

म्हणून कोयता घेण्याआधी आपण काय तोडणार आहोत ते ठरवा. कळंबच्या शिवारात घोड नदीच्या काठाने फिरलात तर तीन तऱ्हेची झुडपे दिसतील. पाण्यालगत बेशरम, बांधावर घाणेरी आणि पडीक रानात वेडी बाभूळ. तिघींचा स्वभाव निराळा. बेशरमीचा दांडा पोकळ आणि मऊ असतो. त्याला हलका, पातळ, लांबट पात्याचा कोयता पुरतो. जड कोयत्याने तिथे हात तेवढा दुखतो. घाणेरीच्या फांद्या चिवट, काटेरी आणि एकमेकींत गुंतलेल्या. तिला पुढे बाक असलेला कोयता हवा, म्हणजे फांदी ओढून घेता येते आणि त्याच हाताने तोडता येते. वेड्या बाभळीचे लाकूड कठीण. मनगटाएवढ्या बुंध्यापर्यंत जाड पाठीचा, टोकाकडे वजन असलेला कोयता चालतो. त्यापुढे कुऱ्हाडच हवी. आणि नुसते गवत कापायचे असेल तर कोयता घरी ठेवा. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला दातेरी ‘वैभव विळा’ चांगला.

आता पोलाद. गाडीच्या कमानपाट्यापासून घडवलेला कोयता टिकतो, कारण ते पोलाद कठीण असूनही लवचीक असते. पण पोलाद चांगले असून भागत नाही, लोहाराने त्याला पाणी नीट दिलेले हवे. पाणी जास्त झाले तर धारेचे तुकडे उडतात, कमी झाले तर धार दुमडते. याची परीक्षा सोपी आहे. धारेवर कानस हलकेच फिरवून पाहा. ती काचेवरून सरकल्यासारखी निसटली तर पाते ठिसूळ समजा. लोण्यात शिरल्यासारखी रुतली तर पाते मऊ. थोडा जोर लावल्यावर कानस धरू लागली तर पाते घेण्यासारखे. दुसरी परीक्षा आवाजाची. पाते मोकळे धरून त्यावर किल्लीने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठे तरी चीर आहे असे समजा. रंग फासलेला कोयता घेताना जोड असतो त्या जागी विशेष पाहा, कारण रंगाखाली चीर झाकली जाते. शक्य असेल तर गावाबाहेर पाल टाकून बसलेल्या घिसाडी कारागिराकडून डोळ्यांदेखत कोयता घडवून घ्या. काय तोडायचे ते त्याला सांगा. तो पाते त्या बेताने ठेवील.

मूठ धावड्याची किंवा बाभळीची, बिनगाठीची असावी. तासल्यावर तिच्यावर चकचकीत रंग देऊ नका, घामाने तो निसरडा होतो. मुठीत शिरलेले पात्याचे टोक पलीकडून वळवून ठोकलेले आणि तोंडाशी लोखंडी कडे घट्ट बसलेले असावे. हलणारी मूठ चिंध्या गुंडाळून चालवू नका.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हाताची. घरात कोयता एकच असतो आणि तो कारभाऱ्याच्या हाताच्या मापाने घेतलेला असतो. पण बांधावरची झुडपे निम्मी तरी घरातल्या बायका तोडतात. जाड मुठीवर त्यांची बोटे पुरती मिटत नाहीत, जड पात्याने मनगट लवकर शिणते, आणि शिणलेल्या हाताचाच घाव चुकतो. मूठ धरल्यावर बोटांची टोके अंगठ्याच्या उंचवट्याला जेमतेम टेकावीत, हे माप. म्हणून बाजाराला जाताना मालकिणीला बरोबर न्या आणि तिच्या हाताचा दुसरा कोयता घ्या. चारदोनशे रुपये वाचवून दवाखान्याची पायरी चढण्यात शहाणपण नाही.

धार घरी निसण्यावर पाणी टाकून लावावी. विजेच्या चाकावर पाते निळे पडेपर्यंत धरले तर दिलेले पाणी उतरते, मग ती धार टिकत नाही. डिंभ्याच्या जलाशयापलीकडे रान असेल आणि होडीतून जायचे असेल, किंवा मोटारसायकलवरून न्यायचा असेल, तर धारेवर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवा आणि वर गोणपाट गुंडाळा. उघडा कोयता होडीत किंवा गाडीवर ठेवू नये. एका हिसक्याचे काम असते.

तोडताना घाव तिरका घाला, पायापासून लांब जाईल असा. डाव्या हाताने काटेरी फांदी धरू नका, बेळक्याने दाबा किंवा आकडीने ओढा. दोघांत दोन हात अधिक पाते एवढे अंतर ठेवा. घाणेरी नुसती वरून छाटली तर दुप्पट फुटते. पावसाची ओल आहे तोवर तिचे मूळ मातीखाली तीनचार बोटे तोडून खोड उपटा आणि उलटे वाळत टाका. बेशरमीचे तुकडे नदीत टाकू नका, पाण्याबरोबर जाऊन खाली कोणाच्या तरी काठाला ते रुजतात. आणि बांधावरचे आंबा, जांभूळ, चिंच, हिरडा यांना परवानगीवाचून हात लावू नका. झाडे तोडण्याबाबतचा १९६४ चा कायदा आपल्या बांधालाही लागू आहे.

शेवटची गोष्ट आपल्या जुन्नर-आंबेगावची. उसाने इथे बिबट्याला घर दिले. वस्तीभोवतीची आणि पोरांच्या शाळेच्या वाटेवरची झुडपे काढायची ती मुख्यतः यासाठी, की त्याला दबा धरायला आडोसा राहू नये. पण तोडायला एकट्याने जाऊ नका. आधी काठी आपटा, मोठ्याने बोला, मग वाका. यातच साप असला तर तोही वाट सोडतो. बिबट्याची पिले दिसली तर हात न लावता मागे फिरा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा. कोयता झुडपासाठी आहे, बिबट्यासाठी नाही. १९७२ च्या कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे, आणि कोयत्याच्या टप्प्यात बिबट्या आला म्हणजे आपणही त्याच्या टप्प्यात आलोच. साप चावलाच तर पट्टी आवळणे, चिरा देणे, मांत्रिक शोधणे यात वेळ घालवू नका. माणसाला न चालवता, १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्या. कोयत्याचा घाव लागला तर स्वच्छ पाण्याने धुवा, कापडाने दाबून धरा आणि धनुर्वाताच्या लसीचे डॉक्टरांना विचारा.

येत्या बाजाराला जाल तेव्हा खिशात एक किल्ली आणि कानशीचा तुकडा ठेवा. दुकानदार हसला तर हसू द्या.